ग्राफवरचे डोंगर

"सह्याद्रीला वाट दाखवणारं घराणं आहे आपलं!"

सोमलिंगने हे वाक्य उभं राहून म्हटलं. बसून म्हणण्याजोगं ते नव्हतंच. शिक्षण खात्यातून निवृत्त झाल्यापासून तो घरात पाणी मागायचं तरी उभा राहून मागे, त्यामुळे कुणी दचकलं नाही.

"अण्णा," धाकटा प्रभुलिंग गव्हाच्या खिरीच्या, हुग्गीच्या वाटीतून मान वर न काढता म्हणाला, "परवा मोहोळच्या लग्नातनं येताना तू बायपासला लागलास आणि पार पलीकडं हत्तूर आल्यावर मला फोन केलास. सोलापूर कुठं गेलं म्हणून."

"तिथे पाटी लावलेली नव्हती."

"सह्याद्रीत तर पाट्या लई असतील की."

इंद्रायणीला हसू आलं, पण तिने ते आवरलं. आज तिला दोन्ही भाऊ एका बाजूला हवे होते. असा योग या घरात ग्रहणासारखा यायचा आणि ग्रहणासारखाच थोडा वेळ टिकायचा.

अप्पांची पुण्यतिथी होती. जंगम जेवून, विडा घेऊन गेले होते. सोमलिंगच्या होटगी रोडच्या घरात सतरंजीवर आता घरचीच माणसं उरली होती: भिंतीला टेकून पाय लांब केलेली अव्वा, तिच्या समोर मुद्दाम खुर्ची मागून बसलेली अप्पांची बहीण केराबाई, सोमलिंग, प्रभुलिंग आणि सकाळच्या गाडीने वैरागहून आलेली, दोघा भावांच्या मधली बहीण इंद्रायणी. सोमलिंगचा मुलगा वरद पुण्याहून आला होता. आल्यापासून तो लॅपटॉप मांडीवर घेऊन गप्प होता. हा मुलगा गप्प राहण्यातला नव्हता, पण ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण सोमलिंग बोलत होता.

सोमलिंगचं म्हणणं थोडक्यात असं, की अप्पांनी हाताने काढलेले डोंगरवाटांचे नकाशे पुण्याची एक गिर्यारोहक मंडळी छापणार आहे, ट्रेकला जाणारी पोरं ते खिशात घालून हिंडणार आहेत, आणि पुस्तकाला प्रस्तावना स्वतः सोमलिंगने लिहिली आहे. प्रस्तावना सोलापूरच्या सुपीक जमिनीपासून सुरू होत होती. सह्याद्री तिच्यात बऱ्याच उशिरा आणि थोडा ओशाळल्यासारखा येत होता.

गुरुबसप्पा, म्हणजे अप्पा, चादरीच्या डिझाइनचे मास्तर. आधी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत स्वतःच्या चार मागांवर. जन्मभर ग्राफच्या चौकड्यांत रंग भरून त्यांनी मोर, कमळं आणि घोडे काढले, आणि अर्ध्या महाराष्ट्राने ते अंगावर ओढून झोप काढली. एवढं करून माणसाने गप्प बसावं. पण दर वर्षी थंडी पडली, की अप्पा पाठीला पिशवी लावून आठवडाभर डोंगरात जायचे. सोलापुरात चढ म्हणजे रेल्वेचा पूल. सराव म्हणून अप्पा त्याच पुलावर सुताचे कोन, म्हणजे जड रिळं, भरलेली पिशवी घेऊन चढायचे आणि उतरायचे. समोरून येणारे ओळखीचे लोक विचारायचे, "मास्तर, रिक्षा मिळाली न्हाय व्हय?"

आता सोलापूरचा माणूस डोंगरात जातो, हे लोकांनी का म्हणून मानावं? केराबाईंनी तर ते पहिल्यापासूनच मानलं नव्हतं. अक्कलकोटच्या एका कंडक्टरने अप्पांना नारायणगावच्या स्टँडवर उतरताना पाहिलं होतं. नारायणगाव म्हणजे तमाशाचं गाव. पुढचं केराबाईंनी स्वतःच्या हिमतीवर रचलं. अक्कलकोटपासून वैरागपर्यंत प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला अव्वा पंगतीत बसली की कुणीतरी हळूच विचारायचं, "मास्तर डोंगरातनं आले का?" आणि 'डोंगर' म्हणताना शेजारणीकडे बघायचं. इंद्रायणीला सासरीही हे ऐकावं लागलं होतं. तिच्या सासूने एकदा चहात साखर घालता घालता सहज विचारलं होतं, "तुमच्यात दोन घरं करायची पद्धत हाय का?"

म्हणून हे नकाशे. इंद्रायणीनेच दोन वर्षं सगळ्यांच्या मागे लागून ते कपाटातून बाहेर काढायला लावले होते. कागदावर छापलेली वाट, त्या वाटेवर पाय ठेवणारी पोरं, आणि जिथे अप्पांनी पाणी म्हटलं तिथे पाणी! मग कुणाची जीभ वळेल? त्यातली पहिली प्रत कुणाला द्यायची, हेही तिने ठरवलं होतं. ती आत्या आत्ता समोर खुर्चीत बसून दातात अडकलेली सुपारी काढत होती.

"छापता येणार नाहीत," वरद म्हणाला.

सोमलिंगचा हात हवेत राहिला. "काय छापता येणार नाही?"

"नकाशे. आम्ही चौघं गेल्या आठवड्यात त्यातल्या दोन वाटा चालून आलो. चुकीचे आहेत, पप्पा."

"कोण चुकीचे?"

"नकाशे. पाण्याचं टाकं दाखवलंय तिथे आम्ही उजवीकडे वळलो, तर समोर कडा. खाली सरळ दरी. टाकं होतं, पण खूप अलीकडे. अंधार पडायच्या आत कसेबसे मागे फिरलो. मग घरी येऊन सगळे स्कॅन उपग्रहाच्या फोटोंवर ठेवून बघितले. एकही नीट बसत नाही. आणि चूक एकसारखी असती तरी सुधारली असती. एका कागदात पूर्वेकडे ताणलंय, दुसऱ्यात उत्तरेकडे, तिसऱ्यात भलतीकडेच. हे असंच्या असं छापलं तर कुणीतरी कड्यावरून खाली जाईल."



"डोंगर सरकला असेल," सोमलिंग म्हणाला. "मध्यंतरी भूकंप किती झाले."

"पप्पा, डोंगर सरकत नाहीत."

"तू विमा कंपनीत आहेस. तुला डोंगराचं काय कळतं?"

"मग त्यांना तरी काय कळत व्हतं?" केराबाईंनी सुपारी एकदाची काढली. दुःख होतं, पण ते चेहऱ्याच्या वरच्या भागात होतं, खालचा भाग हसत होता. "मी काय म्हणते, सोमू. माणूस जिथं गेलाच न्हाय तिथला नकाशा काढायचा म्हणजे जरा हिकडं-तिकडं व्हायचंच की."

"आत्या!" इंद्रायणी म्हणाली.

"मी कुटं काय म्हणाले? बसल्या जागी डोंगर काढणं सोपं हाय व्हय? आमच्या थोरल्याच्या हातात कला व्हती, ती कोण न्हाय म्हणतंय?"

 अव्वा लुगड्याच्या पदराचा काठ बोटांनी सरळ करत होती.

इंद्रायणीने आधी वरदकडे रागाने पाहिलं. मग अव्वाकडे. आणि मग, कुणाला दिसू नये म्हणून, खिडकीबाहेर. कारण वरदने 'एकही नीट बसत नाही' म्हटलं, त्या क्षणाला तिच्या मनात नारायणगावचा स्टँड आला होता. तिच्या! जी लहानपणी अप्पांच्या शेजारी बसून ग्राफच्या चौकड्यांत रंग भरायची, तिच्या मनात. केराबाईंनी इतक्या वर्षांत जे केलं नव्हतं, ते पोराच्या एका वाक्याने झालं.

सोमलिंग मात्र एव्हाना सावरला होता. खात्यात त्याने याहून वाईट अहवाल पचवले होते. "यावर मार्ग आहे," तो म्हणाला. "प्रत्येक नकाशाखाली छापायचं, 'अंतरे अंदाजे.'"

"व्हय," केराबाई म्हणाल्या. "हिचा नवरा पण अंदाजेच व्हता."

"केराआज्जी, प्लीज," वरद म्हणाला. "आणि पप्पा, अंदाजे नाही चालत. कडा अंदाजे नसतो."

"मग पुस्तकाचं नाव बदलू. 'एका कलावंताचे कल्पनेतले डोंगर.' प्रस्तावनेत थोडा फेरफार करावा लागेल, तो मी करतो."

इंद्रायणी उठून उभी राहिली. या घरात सोमलिंगशिवाय दुसरं कुणी उभं राहून बोलल्याची ही पहिलीच वेळ असावी. सोमलिंग नकळत खाली बसला.

"कल्पनेतले?" ती म्हणाली. "म्हणजे अप्पा गेलेच नव्हते, हे आपणच छापून वाटायचं? आत्या आजवर तोंडाने सांगत होती, ते तू पुठ्ठ्याच्या बांधणीत देणार? वर अप्पांचा फोटो?"

"इंदू, मी घराण्याच्या इभ्रतीसाठीच..."

"इभ्रतीचं मला सांगू नकोस. अव्वाच्या समोर सांग."

सगळे अव्वाकडे बघू लागले. अव्वाने पदराचा काठ सोडला.

"अव्वा," इंद्रायणीने विचारलं, "तू अप्पांना कधी विचारलं होतंस?"

"विचारलं की. डोंगरात जातो म्हणाला."

"मग?"

"मग काय? येताना हिरडा आणायचा पिशवीभर. डोंगरातलाच."

"हिरडा इथं मधल्या मारुतीच्या बाजारात पण मिळतो," केराबाई छताकडे बघत म्हणाल्या.

"होगली बिडु," अव्वा म्हणाली. जाऊ दे. हे तिचं ठेवणीतलं कानडी होतं आणि विषय संपवायला आजवर पुरत आलं होतं. आज पुरलं नाही. तिचा आवाज शेवटच्या अक्षरावर जरा हलला, आणि तो केराबाईंच्याही कानावर गेला असावा, कारण त्यांनी दुसरी सुपारी तोंडात टाकायचं थांबवलं.

प्रभुलिंगने वाटी खाली ठेवली. या सगळ्यात तो नव्हताच. नकाशे छापा, न छापा, त्याला सोयरसुतक नव्हतं. अप्पा डोंगरात असायचे तेव्हा माग कोण सांभाळायचं, हे प्रस्तावनेत कुठेही नव्हतं. शिवाय कारखान्यात कम्प्युटर त्यानेच आणला होता. तो आला त्या दिवसापासून अप्पांनी ग्राफला हात लावला नाही आणि कम्प्युटरलाही. कारखान्यात यायचे, चहा प्यायचे, जायचे. त्यावर बापलेकांत एकदाही भांडण झालं नाही, हेच प्रभूला अजून सलत होतं.

"मूळ कागद कुठायत?" त्याने विचारलं.

"स्कॅन आहेत ना इथे," वरदने लॅपटॉप फिरवला. "एकदम क्लीन करून घेतलेत."

प्रभूने पाहिलं. पांढऱ्या शुभ्र पडद्यावर काळ्या रेघा, निळी टिंबं, हिरवे ठिपके. "हे अप्पांचं न्हाय," तो म्हणाला.

"हस्ताक्षर त्यांचंच आहे, काका."

"हस्ताक्षर हाय. कागद न्हाय. अण्णा, कपाट उघड."

सोमलिंगने कमरेची किल्ली काढली. अप्पा गेल्यापासून हे कपाट त्याच्याकडे होतं आणि ते उघडताना तो नेहमी थोडा पाठमोरा होऊन उघडायचा, जणू आत बँक होती. त्याने कापडात गुंडाळलेली गुंडाळी आणली. प्रभूने वरचा कागद सतरंजीवर पसरला आणि चारी कोपऱ्यांवर जेवणातली भांडी ठेवली.

कागद फिकट हिरव्या बारीक चौकड्यांचा होता.

"ह्या चौकड्या कुठं गेल्या तुझ्यात?"

"त्या मी काढून टाकल्या," वरद म्हणाला. "ग्राफच्या लाइन्समुळे फार गचाळ दिसत होतं. दोन दिवस लागले पुसायला."

प्रभूने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं मागावरून उतरलेल्या चादरीला भोक पाडणाऱ्या माणसाकडे बघतात. मग तो गुडघ्यांवर ओणवा झाला आणि नकाशावरून बोट फिरवू लागला. बोट एका जागी थांबलं.

"हे काय हाय?"

"कुंड," वरद म्हणाला. "हे बघितलं आम्ही. दगडात कोरलेलं. मस्त गोल आहे."

"गोल हाय? मग हे बघ की." प्रभूने बोट उचललं. कागदावर कुंडाच्या जागी एक आडवं अंडं होतं. "अक्का, हिकडं ये. हे काय दिसतंय तुला?"

इंद्रायणी वाकली. प्रभूने तिला हाक मारून काही दाखवावं, हे अव्वाने कुणाकडे राहायचं या वादानंतर पहिल्यांदाच घडत होतं. ती बघत राहिली. आडवं अंडं. शेजारी देवळाचा कळस, बसकट, दाबून बसवल्यासारखा. आणि एकदम तिच्या बोटांना ग्राफवरचा ओला रंग आठवला.

"बदक," ती म्हणाली.

"कुठे आहे बदक?" सोमलिंगने चष्मा शोधला.

"बदक नाही रे अण्णा. मोर. अप्पा मोर काढायचे ना, तो कागदावर बदकासारखा दिसायचा. आडवा, फुगलेला. मी लहानपणी रडायचे, माझ्या मोराला बदक का केलं म्हणून. अप्पा म्हणायचे, थांब, मागावर चढू दे."

"आणि चादरीवर मोर व्हायचा," प्रभू म्हणाला.

"का पण?" वरदने विचारलं.

प्रभूने अंगावरचा टॉवेलच हातात घेतला. "हे बघ. उभा धागा ताणा, आडवा धागा बाणा. आपल्या मालात ताणा दाट, बाणा विरळ. कागदावरची एक चौकडी म्हणजे एक ताणा आणि एक बाणा. कागदावर ती चौकोनी, पण कापडात ताणे एकमेकाला खेटून बसतात, म्हणजे चौकडी रुंदीला दबते. कागदावर गोल काढलास तर चादरीवर उभं अंडं येणार. म्हणून मास्तर आधीच आडवं अंडं काढतो. मागावर गोल उतरतो. अप्पांनी जन्मात ग्राफवर गोल काढलेला न्हाय. हात तसा वळायचाच न्हाय त्यांचा."

"पण हा नकाशा आहे. हा कोण विणणार होतं?"

"कोणीच न्हाय. पण ग्राफ हातात आला की डोकं मागावरच जायचं. डोंगर काढला तरी चादरीचाच काढला."

"आणि प्रत्येक कागदात चूक वेगळ्या दिशेला कशी?"

"वाट जिकडे जाईल तसा कागद धरायचे ते," इंद्रायणी म्हणाली. "उत्तर वर ठेवायची, हे कुणी शिकवलंच नव्हतं. चादरीला उत्तर नसते."

वरदने लॅपटॉप ओढला. चौकड्यांसकट कागदाचा फोटो काढला, तो पडद्यावर घेतला आणि दोन्ही बाजूंनी आत ढकलला. अंडं हळूहळू गोल झालं. मग त्याने ते चित्र फिरवून उपग्रहाच्या फोटोवर ठेवलं. कुंडावर कुंड बसलं. देवळावर देऊळ. जिथे ते चौघं कड्यापाशी अडकले होते, तिथे अप्पांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'येथून पुढे जाऊ नये.' वरदने ते दोनदा वाचलं.

"बसला," तो शेवटी म्हणाला. "काका, बसला. अगदी बरोबर."

सोमलिंग उठायच्या बेतात होता, तेवढ्यात केराबाई बोलल्या.

"कम्प्युटरवर काय, माझं नाक पण सरळ करून देतील," त्या म्हणाल्या. "दाबून दाबून बसवलं तर काहीही बसतंय. नातवानं आज्जासाठी एवढं करू न्हाय व्हय?"

इंद्रायणीच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. पण उत्तर प्रभूने दिलं, आणि या घराण्याच्या इतिहासात त्याने केराबाईंना दिलेलं हे पहिलंच उत्तर असावं.

"आत्या, आज मुक्काम करा. उद्या मी कापडावर दाखवतो. कापड तर खोटं बोलत न्हाय की."

"मला कुटं वेळ हाय? अक्कलकोटची गाडी हाय माझी."

गाडी चुकली. म्हणजे केराबाईंनी ती चुकवली. स्टँडवर जायला रिक्षा दारात येऊन उभी राहिली तेव्हा त्यांना चप्पल सापडेना. चप्पल त्यांच्या पायात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच इंद्रायणी प्रभूबरोबर एमआयडीसीत गेली. मागांच्या खडखडाटात दोघांना एकमेकांशी बोलता येत नव्हतं, त्यामुळे त्यांचं चांगलं जमलं. डिझाइन कम्प्युटरवर चढलं, चौकडीला चौकडी, कुठेही न दाबता, न ओढता. अप्पांनी काढलं तसंच. प्रभू तिला अगदी शेवटच्या मागापाशी घेऊन गेला.

"ह्याच्यावर टॉवेल काढतो," तो कानाशी ओरडला. "ह्याचा ताण्या-बाण्याचा हिशोब अप्पांनी बसवलाय. बाकी सगळे मी बदलले. हा न्हाय बदलला."

"का?"

"काय?"

"का नाही बदललास?"

"ऐकू येत न्हाय," प्रभू म्हणाला आणि माग चालू केला.

कापड वर सरकू लागलं. आधी नुसता पांढरा काठ. मग एक वाट निघाली, वळली, दोन डोंगरांच्या मधून वर चढली. टॉवेलला फुगीर दोरे असतात, त्यामुळे डोंगर खरोखरच थोडे वर आले होते. प्रभू हात बांधून उभा होता. कुंड आलं तेव्हा त्याने खाली वाकून पाहिलं आणि खिशातून काढलेल्या नाण्याने त्याची गोलाई तपासली. मग नाणं परत खिशात ठेवलं आणि बराच वेळ नाक पुसलं. मागावर सुताचे तंतू फार उडतात.

दुपारी होटगी रोडला सगळे परत सतरंजीवर बसले. टॉवेल मधे पसरला. वरदने डोंगराचा उपग्रहावरून घेतलेला फोटो टॉवेलच्या मापाने पारदर्शक प्लॅस्टिकवर छापून आणला होता. केराबाईंनी आधी प्लॅस्टिक उलटसुलट करून पाहिलं, मग टॉवेल. टॉवेलचा काठ ओढून, ताणून बघितला. "हे तू दाबलं न्हाईस?"

"तुम्हीच ठेवा की आत्या," प्रभू म्हणाला.

केराबाई खुर्चीवरून उतरून खाली बसल्या. प्लॅस्टिक त्यांनी स्वतःच्या हाताने टॉवेलवर ठेवलं आणि सरकवत सरकवत कुंडावर कुंड आणलं. मग वाटेवरून बोट फिरवायला सुरुवात केली. कुंडापासून डोंगराच्या सोंडेपर्यंत. सोंडेवरून खिंडीत. खिंडीतून देवळाकडे. बोट एकदाही वाट सोडून गेलं नाही. शेवटी त्या देवळापाशी पोचल्या आणि दम लागल्यासारख्या थांबल्या.

"म्हणजे डोंगरातच जायचा," त्या म्हणाल्या.

 इंद्रायणीने या क्षणासाठी दोन वर्षं काही वाक्यं तयार ठेवली होती. त्यातलं एकही आता तोंडात येईना.

"मग नारायणगावला कशाला उतरायचा?" केराबाईंनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरोखर प्रश्न म्हणून विचारला होता.

"आज्जी, डोंगरात जायला तिथे जुन्नरची गाडी मिळते," वरद म्हणाला. "आम्ही पण तिथेच उतरतो."

"जुन्नरची गाडी."

"हो."

"मग तसं सांगायचं की!"

"सांगितलं व्हतं," अव्वा म्हणाली. "तुमी म्हणालात, जुन्नरला तरी काय हाय."

केराबाईंनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. तेवढं सोडलं, तर त्यांनी काहीही कबूल केलं नाही.

अव्वा सरकत सरकत टॉवेलपाशी आली. प्लॅस्टिक तिने बाजूला केलं. तिला ते नको होतं. तळहात टॉवेलवर ठेवून ती बसली, तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवून बसतात तशी. इंद्रायणीला दिसलं, की अव्वाची बोटं कुंडापासून देवळापर्यंतची वाट पुन्हा पुन्हा चाचपत आहेत. तेव्हा तिला कळलं, की या घरात नारायणगावचा स्टँड एकट्या तिच्याच मनात आला नव्हता. तो अव्वाच्या मनात दर थंडीत येत होता, आणि दर थंडीत ती हिरड्याची पिशवी रिकामी करून धुऊन वाळत घालत होती.

"झोपायचा कुटं?" अव्वाने विचारलं.

वरदने एक काळं टिंब दाखवलं. "इथे. गुहा आहे. आम्ही पण तिथेच झोपलो."

"एकटाच?"

"कागदावर तर लिहिलंय, 'एका माणसापुरती जागा.' आम्ही चौघं कसे मावलो, ते आम्हालाच माहीत."

अव्वाने त्या टिंबावर बोट ठेवलं. "गार असंल," ती म्हणाली.

"खूप गार, आज्जी."

"स्वेटर न्यायचा न्हाय. सांगून सांगून दमले."

प्रभू भिंतीकडे बघू लागला. वरद लॅपटॉप उगाच उघडून बंद करू लागला. ट्रेकच्या पोरांना कागदापेक्षा हे बरं, भिजलं तरी चालेल, फाटणार नाही, असं काहीतरी तो म्हणाला, आणि कुणी ऐकत नाही हे बघून गप्प झाला. सोमलिंगने घसा साफ केला. तो उठला, त्याने सदरा खाली ओढला आणि एक हात पुढे केला.

"आज या घराण्यावरचा..."

"सोमू, जरा थांब," अव्वा म्हणाली. टॉवेलवरचा हात तिने उचलला नव्हता. "प्रभू, असला अजून एक निघंल का?"

सगळे जरा पुढे झुकले. प्रभू टॉवेलपाशी सरकला. "पाहिजे तेवढे निघतील, अव्वा. बाकीचे नकाशे पण काढतो. सगळे डोंगर काढतो."

"डोंगर नको," अव्वा म्हणाली. "साधा दे एक, सपाट. भाकरी गुंडाळायला. ह्या डोंगरात पीठ अडकतंय."